विजेच्या तंट्याचा निवाडा कोणी करायचा? बीडच्या अंगाने एक आढावा

कृषिपंपाचे बिल तीन महिन्यांनी येते. त्यावर मोटारीची अश्वशक्ती छापलेली असते आणि बीड जिल्ह्यातला वाद पुष्कळदा तिथूनच सुरू होतो. विहिरीवर मोटार तीन एचपीची आणि बिल पाचचे, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. मीटर एकतर बसवलेलाच नसतो, किंवा बसवलेला असून बंद पडलेला असतो. डीपी (गावचे रोहित्र) जळाली म्हणून महिनाभर पाणी देता आले नाही, तरी त्या तिमाहीचे बिल नेहमीसारखेच येते. अशा माणसाने दाद कुठे मागायची, तिथे निवाडा करायला कोण बसलेले असते, त्याला अधिकार किती आणि तो खरोखर स्वतंत्र असतो का, या प्रश्नांवर गेली पंचवीस वर्षे आपल्याकडे चर्चा चालू आहे. ती आज कुठे पोहोचली आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

अमेरिकेत वीज, पाणी, गॅस अशा सेवांच्या नियामक आयोगांत या कामासाठी खास न्यायाधीश नेमलेले असतात. ते सुनावणी घेतात, साक्षी नोंदवतात आणि प्रस्तावित निर्णय लिहितात. अंतिम मत आयुक्त देतात. आपल्याकडे असे एकच पद नाही. काम मात्र तेच आहे आणि ते वीज आयोग, ग्राहक तक्रार निवारण मंच, विद्युत लोकपाल आणि विद्युत निरीक्षक यांच्यात वाटलेले आहे. प्रश्नाची निम्मी गुंतागुंत या वाटणीत आहे.

मंडळाच्या काळापासून

१९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. तेव्हापासून जवळपास चाळीस वर्षे वीज विकणारे, तिचा दर ठरवणारे आणि ग्राहकाची तक्रार ऐकणारे कार्यालय एकच होते. १९१० च्या कायद्याने मीटरच्या अचूकतेचा वाद विद्युत निरीक्षकाकडे सोपवला होता. त्यापलीकडे ग्राहकाला दिवाणी न्यायालय होते, पुढे ग्राहक न्यायालयेही आली. दर योग्य आहे का, हा प्रश्न विचारायला मात्र जागाच नव्हती.

हे चित्र १९९८ च्या विद्युत नियामक आयोग कायद्याने बदलले. ओडिशाने त्याआधीच स्वतःचा कायदा करून वाट दाखवली होती. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ऑगस्ट १९९९ मध्ये अस्तित्वात आला. २००० साली त्याने मंडळाच्या दरवाढीच्या प्रस्तावावर जाहीर सुनावणी घेऊन पहिला दर आदेश दिला. त्या सुरुवातीच्या सुनावण्यांचे मोठे फलित म्हणजे वीजगळतीचा आकडा. मंडळ पूर्वी ही गळती अठरा टक्क्यांच्या आतबाहेर दाखवत असे. कागद मागवले, प्रश्न विचारले, तेव्हा ती तीस टक्क्यांच्या वर असल्याचे पुढे आले. पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्थांनी आणि मुंबई ग्राहक पंचायतीने या सुनावण्यांत जे काम केले, त्यामुळे आकड्याला उलट प्रश्न विचारण्याची सवय या क्षेत्राला लागली. उलटतपासणी झाल्यावर आकडा बदलतो, हा अनुभव राज्याला तिथे आला.

१० जून २००३ पासून लागू झालेल्या वीज कायद्याने आजची चौकट घातली. जून २००५ मध्ये मंडळाची चार कंपन्यांत विभागणी झाली आणि बीडच्या ग्राहकासमोर 'एमएसईबी'च्या जागी महावितरण आली. बोलण्यात 'एमएसईबी' आजही टिकून आहे.

दारे किती आणि कुठे

कायद्याच्या कलम ४२ नुसार प्रत्येक वितरण कंपनीने ग्राहक तक्रार निवारण मंच नेमायचा असतो. मंचाच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर ग्राहकाने विद्युत लोकपालाकडे जायचे. राज्यात लोकपालांची दोन कार्यालये आहेत, एक मुंबईत आणि दुसरे नागपुरात. महावितरणच्या रचनेत बीड मंडल लातूर परिमंडलात येते, म्हणून बीडच्या ग्राहकाचा मंच लातूरचा. परळी-अंबाजोगाईकरांना हे अंतर फारसे जड जात नाही. आष्टीच्या माणसाला मात्र लातूरपेक्षा अहिल्यानगर कितीतरी जवळ पडते.

मंचाकडे सगळ्या तक्रारी जात नाहीत. विजेचा अनधिकृत वापर झाला असे ठरवून कलम १२६ खाली आकारणी केली असेल, तर अपील कलम १२७ प्रमाणे विद्युत निरीक्षकाकडे करावे लागते आणि त्यासाठी आकारणीची निम्मी रक्कम आधी भरावी लागते. चोरीचा गुन्हा कलम १३५ खाली असेल तर खटला विशेष न्यायालयात चालतो. तार तुटून माणूस किंवा जनावर दगावले तर चौकशी विद्युत निरीक्षकाची. सेवेतील त्रुटीची तक्रार बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगातही नेता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली अनिस अहमद प्रकरणात कलम १२६ च्या आकारणीला ती वाट बंद केली, बाकी तक्रारींना खुली ठेवली.

शेतकऱ्याच्या लेखी मात्र हा सगळा एकच प्रसंग असतो. वायरमन आला, मोटार पाहिली, कागदावर सही घेतली आणि नंतर मोठे बिल आले. तो कागद साध्या तपासणीचा होता, अनधिकृत वापराचा की चोरीचा, यावर त्याचे पुढचे दार ठरते. चुकीच्या दारात गेला तर 'आम्हाला अधिकार नाही' एवढेच उत्तर घेऊन सहा-आठ महिन्यांनी परत येतो.

आयोगाकडे थेट गेलेल्या वैयक्तिक तक्रारींचे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्रातूनच गेला होता. रिलायन्स एनर्जी प्रकरणात २००७ साली न्यायालयाने सांगितले की एकेका ग्राहकाचा बिलाचा वाद आयोगाने सोडवायचा नाही, त्यासाठी मंच आहे. आयोगाने सर्वसाधारण निर्देश द्यावेत. या निकालाने कामाची विभागणी स्पष्ट केली. पण तीच चूक हजारो बिलांत झाली असेल तर हजार जणांनी हजार अर्ज करायचे का, या प्रश्नाला त्यातून पुरेसे उत्तर मिळाले नाही.

मंचापुढची फाइल

मंचाचे काम प्रत्यक्षात कसे चालते, हे थोडे जवळून पाहायला हवे. वर उल्लेखलेल्या अश्वशक्तीच्या वादाचीच फाइल घेऊ. ग्राहकाच्या बाजूला सहसा एक अर्ज, दोन-चार बिले आणि जुन्या कोटेशनची पावती असते. पावती वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावे, कारण कनेक्शन त्यांच्याच नावावर राहिलेले असते. कंपनीच्या बाजूला सीपीएल, म्हणजे त्या ग्राहकाची महिन्यावार खातेवही, मंजूर भाराची नोंद आणि असल्यास स्थळपाहणीचा अहवाल. भार केव्हा आणि कोणत्या पाहणीवरून वाढवला, हे सांगणारा कागद कित्येकदा त्या गठ्ठ्यात नसतो.

इथे निवाडा करणाऱ्यापुढे दोन रस्ते असतात. दिवाणी न्यायालयाच्या शिरस्त्याप्रमाणे तो अर्जदाराला म्हणू शकतो की तुझे म्हणणे तू सिद्ध कर. किंवा कंपनीला सांगू शकतो की भार वाढवला तुम्ही, तेव्हा त्याचा कागद तुम्ही दाखवा, नसेल तर संयुक्त पाहणी करून मोटारीची नेमपट्टी वाचून या. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेचा कस या एका जागी लागतो. पुरावा जवळजवळ सगळा कंपनीच्या ताब्यात असतो. मीटर तिचा, संगणकातली नोंद तिची, पाहणी करणारा माणूसही तिचाच. अशा ठिकाणी समोर आले तेवढेच वाचून तटस्थ राहणारा न्यायदाता नकळत कंपनीच्या बाजूला झुकतो. मंचाला कागद मागवण्याचा, तपासणीचा आदेश देण्याचा आणि अंतरिम आदेशाने वीज तोडणे थांबवण्याचा अधिकार आहे. तो वापरला जातो का, हे त्या खुर्चीतल्या माणसावर अवलंबून राहते.

वाद चालू असताना ग्राहकाला आधार देणारी एक तरतूद कलम ५६(१) मध्ये आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. मागणी मान्य नसेल तर ग्राहकाने मागितलेली रक्कम, किंवा आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी ती निषेध नोंदवून भरावी. मग वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीसही द्यावी लागते. ऐन रब्बीत, गव्हाला शेवटचे पाणी द्यायच्या वेळी डीपीवरून जोडणी उतरवली जाते, तेव्हा हे कलम हाताशी असणे आणि नसणे यात एका पिकाचा फरक असतो.

डीपीचा प्रश्न असाच आहे. सेवेच्या मानकांच्या २०१४ च्या विनियमांत ग्रामीण भागात बंद पडलेले रोहित्र ४८ तासांत बदलण्याची मुदत आणि उशीर झाल्यास तासाला ५० रुपये भरपाई होती. गावातली रीत निराळी आहे. डीपी जळाली की वर्गणी निघते, ट्रॅक्टर ठरतो आणि गावकरीच रोहित्र दुरुस्तीला नेऊन परत आणतात. वर्गणीची पावती कोणी देत नाही. बंद पडल्याची तक्रार तोंडी असते किंवा फोनवर, त्यामुळे ४८ तास कधी सुरू झाले हेच सिद्ध करता येत नाही. नियम चांगला आहे आणि भरपाई मागणाराही खरा आहे, तरी दावा उभा राहत नाही. मंचांपुढे येणाऱ्या प्रकरणांवरून ग्रामीण सेवेचे चित्र काढू नये असे अभ्यासक म्हणतात, त्यामागे हे कारण आहे. जे नोंदले गेले नाही, ते मंचापुढे येतच नाही.

खुर्चीत कोण बसावे

या चर्चेतला सर्वांत जुना वाद निवाडा करणाऱ्याच्या पात्रतेचा आहे. एक बाजू म्हणते, हे न्यायदानाचे काम आहे, तेव्हा न्यायाधीशच हवा. दोन्ही बाजू ऐकणे, कारणे देऊन निर्णय लिहिणे, अधिकारक्षेत्राची मर्यादा ओळखणे ही शिस्त आयुष्यभराच्या सरावाने येते. आयोगाला साक्षीदार बोलावणे, कागद मागवणे याबाबत दिवाणी न्यायालयाचे अधिकार कलम ९४ ने दिले आहेत आणि त्याच्या कामकाजाला कलम ९५ ने न्यायिक कार्यवाही मानले आहे. मग तिथे कायद्याचा माणूस नसावा, हे कसे?

दुसरी बाजू सांगते की दर ठरवताना भांडवली खर्च, कोळशाचा उष्मांक, गळतीचे गणित, कर्जावरचे व्याज यांचा निर्णय करावा लागतो. एका पिढीचे दर ज्या करारांवर ठरतात, ते वाचायला अभियंता आणि अर्थतज्ज्ञ लागतात. निवृत्त न्यायाधीश हे काम वकिलांच्या हवाली करेल, अशी त्यांना भीती वाटते. प्रशासनातल्या अनुभवाची बाजू घेणारेही आहेत. आयोगाला सरकार, कंपनी आणि ग्राहक यांच्यात वाट काढावी लागते आणि ते कसब सनदी अधिकाऱ्यांकडे असते, असे ते मांडतात.

गुजरातमधून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१८ रोजी यावर मधला मार्ग काढला. कलम ८४(२) नुसार उच्च न्यायालयाचा न्यायाधीश अध्यक्ष नेमणे हा पर्याय आहे, सक्ती नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र आयोग वादांचा निवाडा करतो तेव्हा कायद्याची पार्श्वभूमी असलेला किमान एक सदस्य पीठावर असलाच पाहिजे, असेही सांगितले. पात्रतेचा प्रश्न त्यामुळे आयोगापुरता बराचसा मिटला.

मंचाच्या पातळीवर तो उघडाच राहिला. महाराष्ट्राच्या २००६ च्या विनियमांनी मंचाचे अध्यक्षपद निवृत्त न्यायिक अधिकारी, जिल्हाधिकारी दर्जाचा निवृत्त सनदी अधिकारी, अभियांत्रिकी महाविद्यालयाचे निवृत्त प्राचार्य अशा अनेकांना खुले केले. दुसरा सदस्य कंपनीचा कार्यकारी अभियंता दर्जाचा अधिकारी आणि तिसरा ग्राहक संघटनेचा प्रतिनिधी. २०२० मध्ये नवे विनियम आले, तरी बाहेरचा अध्यक्ष हे तत्त्व महाराष्ट्राने सोडले नाही. केंद्राचे ग्राहक हक्क नियम ३१ डिसेंबर २०२० रोजी आले आणि त्यांनी वेगळी दिशा घेतली. उपविभागापासून वरपर्यंत अनेक पातळ्यांवर मंच असावेत, त्यांचे प्रमुख कंपनीचेच अधिकारी असावेत आणि सोबत ग्राहकांचे प्रतिनिधी असावेत, अशी ती रचना आहे.

दोन्ही रचनांच्या मागे विचार आहे. केंद्राच्या रचनेत दार घराजवळ येते. केजचा किंवा गेवराईचा माणूस लातूरला न जाता उपविभागात बोलू शकतो, आणि कंपनीचा अधिकारी चूक जागेवरच दुरुस्त करू शकतो. साधी बिलदुरुस्ती अशीच व्हायला हवी, यावर कोणाचे दुमत नसावे. महाराष्ट्राच्या रचनेत दार लांब आहे, पण आत बसलेला प्रमुख कंपनीचा पगारदार नाही. माझा कल दुसऱ्या रचनेकडे आहे. ज्याच्या कार्यालयाने बिल काढले त्याच्याच वरिष्ठाने त्या बिलाचा निवाडा केला, तर निर्णय बरोबर असला तरी ग्राहकाला तो बरोबर वाटणार नाही. अंतराचा तोटा फिरत्या सुनावण्यांनी आणि दूरदृश्य सुनावण्यांनी कमी करता येतो, हितसंबंधाचा तोटा तसा कमी होत नाही.

स्वातंत्र्य कागदावरचे आणि प्रत्यक्षातले

आयोगाच्या सदस्यांची निवड उच्च न्यायालयाच्या माजी न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालील समिती करते, मुदत पाच वर्षे किंवा वयाची पासष्ट वर्षे, आणि त्याच पदावर फेरनेमणूक नाही. कागदावर ही कवचे भक्कम आहेत. आक्षेप वेगळ्या दिशेने येतात. आयोगांत निवृत्त सनदी अधिकाऱ्यांचा भरणा असतो, आणि ज्या शासनाच्या कंपन्यांचे दर ठरवायचे त्याच शासनात त्यांची हयात गेलेली असते, असे टीकाकार म्हणतात. उलट बाजू अशी की वीज खाते आतून माहीत असलेला माणूस कंपनीची चलाखी लवकर ओळखतो. दोन्ही म्हणण्यांना पुष्टी देणारी उदाहरणे देशभरात सापडतात.

शासनाला कलम १०८ खाली लोकहिताच्या धोरणाबाबत आयोगाला निर्देश देता येतात. अनुदान द्यायचे असेल तर कलम ६५ प्रमाणे त्याची रक्कम शासनाने आगाऊ भरायची असते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज देणारी बळीराजा योजना या कलमाच्या चौकटीत बसते. दर आयोगाने ठरवायचा आणि शेतकऱ्याच्या वतीने तो शासनाने भरायचा. पण यातून एक नवी अडचण उभी राहते. ज्याला बिलच भरायचे नाही, तो चुकीच्या एचपीबद्दल तक्रार कशाला करेल? तक्रार थांबली तरी आकडा चुकीचाच राहतो आणि त्याचे पैसे सरकारी तिजोरीतून जातात. निवाड्याची व्यवस्था तक्रारदारावर चालते. तक्रारदारच उरला नाही तर चूक शोधायची जबाबदारी कोणाची, यावर अजून गंभीर चर्चा झालेली नाही.

मंचांबाबत स्वातंत्र्याचा प्रश्न याहून साधा आहे. त्यांची जागा, कर्मचारी आणि खर्च कंपनीकडून येतो. मंचाचा आदेश कंपनीवर बंधनकारक असतो आणि लोकपालाकडे अपिलाची सोय फक्त ग्राहकाला आहे, कंपनीला उच्च न्यायालयातच जावे लागते. पण आदेश पाळला गेला नाही तर मंच स्वतः जप्ती करू शकत नाही. ग्राहकाला कलम १४२ खाली आयोगाकडे अर्ज करावा लागतो. म्हणजे लातूरला जिंकलेला माणूस अंमलबजावणीसाठी मुंबईच्या वाटेला लागतो.

दोन वर्षांची मर्यादा

सध्या सर्वाधिक खल चालू असलेला कायदेशीर मुद्दा जुन्या थकबाकीचा आहे. कलम ५६(२) म्हणते की रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर ती वसूल करता येणार नाही, मात्र ती बिलात सतत थकबाकी म्हणून दाखवली असेल तर गोष्ट वेगळी. कंपनीच्या लेखापरीक्षणात पाच वर्षांपूर्वीची चूक सापडली आणि आज पुरवणी बिल आले, तर काय करायचे?

मुंबई उच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाने १२ मार्च २०१९ रोजी सांगितले की पहिल्या मागणीच्या आधीच्या दोन वर्षांपलीकडच्या वापराचे पैसे वितरण कंपनीला मागता येणार नाहीत. ग्राहकांसाठी हा मोठा आधार होता. त्यानंतर वर्षभरातच, फेब्रुवारी २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने अजमेर विद्युत वितरण निगमच्या प्रकरणात म्हटले की चूक लक्षात आल्यावर कंपनी जादा मागणी करू शकते, मात्र दोन वर्षांनंतर त्यासाठी वीज तोडण्याचे हत्यार वापरता येणार नाही. वसुलीचे इतर मार्ग मोकळे आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रेम कॉटेक्स प्रकरणात न्यायालयाने राहून गेलेली आकारणी मागणे ही सेवेतील त्रुटी ठरत नाही, असे नमूद केले.

तेव्हापासून मंचांपुढे आणि लोकपालांपुढे ग्राहक उच्च न्यायालयाचा निकाल ठेवतो आणि कंपनी सर्वोच्च न्यायालयाचे. कंपनीचे म्हणणे असे की वीज वापरली गेली आहे, तिचे पैसे एकाने भरले नाहीत तर ते बाकीच्या ग्राहकांच्या दरात जातात. ग्राहकाचे म्हणणे असे की चूक तुमची, मी त्या काळातला माल त्या काळातल्या भावाने विकून मोकळा झालो, आता जुना खर्च कोणाकडून वसूल करू? बीडमधल्या जिनिंगवाल्याला किंवा पिठाच्या गिरणीवाल्याला हा मुद्दा फार लागू पडतो. तक्रार करण्यासाठी ग्राहकावरही कारण घडल्यापासून दोन वर्षांचीच मर्यादा आहे. ती मात्र कडकपणे लावली जाते, आणि दोन्ही बाजूंना एकच माप का नाही, हा ग्राहक संघटनांचा सवाल रास्त आहे.

एकाचा वाद आणि सगळ्यांचा वाद

दरनिश्चितीच्या सुनावण्या हा या कामाचा दुसरा भाग आहे. महावितरणच्या प्रस्तावावर आयोग महसुली विभागांच्या ठिकाणी जाहीर सुनावण्या घेतो. मराठवाड्याची सुनावणी छत्रपती संभाजीनगरला होते. तिथे यंत्रमागधारक, उद्योजक, शेतकरी संघटना येतात. हजार पानांच्या इंग्रजी प्रस्तावावर पाच मिनिटे मराठीत बोलून काय साधते, अशी शंका घेणारे आहेत. आयोगाच्या आदेशात प्रत्येक आक्षेप आणि त्यावरचे उत्तर नोंदवले जाते, ही गोष्ट मी तरी छोटी मानत नाही. ती नोंद पुढच्या अपिलाचा पाया असते.

कृषिपंपांच्या वापराचा अंदाज हे याचे ठळक उदाहरण आहे. मीटर नसलेले पंप किती वीज घेतात, हे कंपनी अंदाजाने सांगते. तो अंदाज फुगवला की गळती कमी दिसते आणि शेतकऱ्याच्या नावावर न वापरलेली वीज चढते. ही तक्रार वर्षानुवर्षे झाली. शेवटी आयोगाने अभ्यासगट नेमला आणि मार्च २०२० च्या आदेशात शेतीच्या वापराचा आकडा खाली आणला, गळतीचा वर नेला. केज तालुक्यातल्या एका बिलावरची एचपी आणि राज्याच्या शेतीवापराचा आकडा ही एकाच दोरीची दोन टोके आहेत. पहिले टोक मंचाकडे आणि दुसरे आयोगाकडे, या दोघांत मात्र माहितीची देवाणघेवाण होण्याची नियमित व्यवस्था नाही.

भारनियमनाचा वादही असाच सामुदायिक होता. २००५ नंतरच्या टंचाईत जास्त गळती आणि कमी वसुली असलेल्या गटांना जास्त तास वीज बंद, असे सूत्र आयोगाने मान्य केले. बीडसारख्या जिल्ह्यातले अनेक फीडर त्यामुळे शेवटच्या गटांत गेले. शिस्तीने पैसे भरणाऱ्या भागाला आधी वीज, यात एक न्याय आहे. त्याच फीडरवर नियमित बिल भरणाऱ्या माणसाला शेजाऱ्याने तारेवर टाकलेल्या आकड्याची शिक्षा, यात अन्याय आहे. आयोगाने पहिल्या तत्त्वाला वजन दिले. दुसऱ्या माणसाला कोणत्याच मंचात दाद मिळाली नाही.

परळीच्या औष्णिक केंद्राने आणखी एक प्रश्न पुढे आणला. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी हे केंद्र बंद पडले, २०१५ च्या दुष्काळात पुन्हा तेच झाले. संच ठरलेल्या प्रमाणात उपलब्ध असेल तरच त्याचा स्थिर आकार पूर्ण वसूल करता येतो. धरणच कोरडे पडले तर तो तोटा कंपनीच्या नियंत्रणाबाहेरचा मानायचा, की पाण्याची हमी नसताना संच वाढवण्याचा निर्णय कंपनीचा म्हणून तिनेच सोसायचा? नियम नियंत्रणातल्या आणि नियंत्रणाबाहेरच्या बाबी वेगळ्या करतात. दुष्काळी जिल्ह्यातला दुष्काळ कोणत्या रकान्यात घालायचा, हे न्यायदात्याच्या विवेकावर सोडलेले आहे.

पाण्याचा दाखला

बीडला दुसरा नियामकही माहीत आहे. २००५ च्या कायद्याने आलेल्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी गोदावरीच्या वरच्या धरणांतून जायकवाडीत समन्यायी पाणी सोडण्याचा आदेश दिला. त्याला मेंढेगिरी समितीच्या अहवालाचा आधार होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले. जायकवाडीच्या उजव्या कालव्याचे पाणी माजलगाव धरणाकडे येते, म्हणून हा निवाडा बीडसाठी थेट जिव्हाळ्याचा. या प्राधिकरणात सुरुवातीला अभियांत्रिकी आणि अर्थशास्त्राचे सदस्य होते, कायद्याचा सदस्य नंतर आला. विजेच्या आयोगाने जो प्रवास केला तोच इथे दिसतो. तरी दर दुष्काळी वर्षी वाद पुन्हा न्यायालयात जातो.

काय सुटलेले नाही

कॅलिफोर्नियात सुनावणी घेणारा न्यायाधीश प्रस्तावित निर्णय जाहीर करतो, त्यावर पक्षकारांना मत मांडायला अवधी मिळतो आणि मग आयुक्त मतदान करतात. चूक अंतिम होण्याआधी दिसते, हा त्याचा फायदा. वेळ आणि खर्च वाढतो, हा तोटा. आपल्या आयोगात असा मधला टप्पा नाही. मार्च २०२५ च्या बहुवार्षिक दर आदेशाला काही दिवसांतच स्थगिती मिळाली आणि २५ जून २०२५ रोजी फेरविचाराचा वेगळा आदेश आला. मूळ सुनावणीत बोललेल्यांना फेरविचाराच्या वेळी ऐकायला हवे होते का, हा वाद त्यानंतर उच्च न्यायालयात पोहोचला. प्रस्तावित निर्णयाची पद्धत असती तर हे टळले असते असे काहींना वाटते. आपल्याकडची मनुष्यबळाची टंचाई पाहता आणखी एक टप्पा म्हणजे आणखी एक विलंब, असे इतर म्हणतात.

करारांचे वाद आयोगाकडून काढून वेगळ्या प्राधिकरणाकडे द्यावेत, ही सूचना केंद्राने २०२० च्या मसुद्यात केली होती. ती मागे पडली, पण संपलेली नाही. तिच्या समर्थकांना दर ठरवणारा आणि करार राबवणारा वेगळा हवा आहे. विरोधकांच्या मते कराराची रक्कम दरातच येते, तेव्हा दोन्हींचा विचार एकाच जागी व्हायला हवा.

बीडच्या बाजूने पाहिले तर यादीत वरचे नाव फिरत्या मंचाचे आहे. अंबाजोगाई, बीड आणि आष्टी येथे ठरावीक तारखांना बैठक घेण्यात कायद्याची आडकाठी नाही, अडचण असेल तर ती अध्यक्षांच्या वेळेची आणि खर्चाच्या मंजुरीची. त्यानंतर प्रश्न येतो तो गावात डीपी बंद पडल्याची वेळ नोंदवण्याचा. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतली तारीख मंचाने पुरावा म्हणून मानावी का? महावितरणची नोंद आणि ही नोंद जुळली नाही तर वजन कोणत्या कागदाला? यावर विनियमांत आज एक ओळही नाही.